उपचार कोण सोडतो? क्षयरोग्याच्या नजरेतून औषधोपचाराचा विचार

(कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी भरविलेल्या आरोग्यविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या डॉक्टर कॉम्रेडला पाचारण करावयास हवे होते, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. रोगाविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरचा आणि रोग्याचे काम जीभ बाहेर काढून दाखविण्याचे, ही समजूत आपल्या सर्वांच्याच अंगवळणी पडलेली आहे. संयोजकांनी मात्र बुद्ध्याच एका जुन्या क्षयरोग्याला येथे उभे केले आहे. तेव्हा मी काय भोगले तेवढेच थोडक्यात सांगून मूळ विषयाकडे वळतो.

1984 साली मला क्षय झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला होता. मी बदली कामगार होतो आणि ज्या हजारोंना गिरणीचे फाटक पुन्हा कधी उघडलेच नाही, त्यांतला एक होतो. नाक्यावर उभे राहून मिळेल ते बांधकामाचे काम करीत असताना खोकला आणि संध्याकाळचा ताप सुरू झाला. दवाखान्यात थुंकी तपासली गेली, रोग निघाला. रोज एक स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि सोबत गोळ्या, असा उपचार ठरला. औषध फुकट होते. पण दवाखाना उघडे नऊ वाजता आणि नाका भरे आठ वाजता. म्हणजे फुकटच्या इंजेक्शनची रोजची किंमत एक दिवसाची मजुरी होती. दुसऱ्या महिन्याच्या मध्यास ताप गेला, अंगात थोडी ताकद आली, घरात पीठ संपले होते. मी दवाखान्यात जाणे बंद केले. माझ्या नावापुढे लाल शाईने शेरा पडला: 'डिफॉल्टर'.

हा शब्द मूळचा सावकाराच्या आणि बँकेच्या वहीतला आहे. कर्ज बुडविणारा तो डिफॉल्टर. मी कोणाचे काय बुडविले होते? पुढे एक वयस्कर हेल्थ व्हिजिटर चाळीत आले. दवाखान्यात इतरांनी मला 'औषध का सोडलेस?' असे दरडावले होते; या गृहस्थांनी विचारले, 'कामाला किती वाजता निघता?' आणि सव्वासात वाजता इंजेक्शन मिळण्याची व्यवस्था त्यांनी कंपाउंडरशी बोलून केली. दीड वर्षांचा उपचार मी पूर्ण केला, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. औषध तेच होते, रोगीही तोच होता, बदलली होती ती एक वेळ. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा आशय या एका प्रसंगात आहे. आता तो माझ्यापुरता नाही हे दाखवितो.

1960 च्या सुमारास बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात क्षयरोगाची पाहणी केली. त्या वेळी तज्ज्ञांचा सर्वसाधारण समज असा होता की, खेड्यातील माणूस अडाणी आहे, त्याला आपल्या रोगाची जाणीव नाही, म्हणून क्ष-किरण यंत्रे गाडीवर चढवून गावोगाव रोगी हुडकीत फिरावे लागेल. या संस्थेतील समाजशास्त्रज्ञ-डॉक्टर देबाबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी एक साधी गोष्ट केली: पाहणीत ज्यांना क्षय आढळला त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी ते बोलले. 1963 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष आजही प्रत्येक आरोग्य कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावेत असे आहेत. शंभरांतील सुमारे 95 रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. बहुसंख्य त्याबद्दल चिंताग्रस्त होते. आणि निम्म्याहून अधिक रोगी दवाखान्याचा उंबरठा आधीच चढून आले होते. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी कोणी तपासलीच नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्या. रोगी आला होता. त्याने चालत येऊन, बैलगाडीने येऊन, मजुरी बुडवून आपले कर्तव्य पार पाडले होते. परत पाठविले ते व्यवस्थेने. गोरगरिबांच्या अज्ञानाची जी कथा सरकारी अहवालांत आळविली जाते, तिला या संशोधनाने मुळावर घाव घातला. 1962 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने हे तत्त्व मान्यही केले: सर्वसाधारण दवाखान्यात खोकला घेऊन येणाऱ्याची थुंकी तेथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, रोग निघाल्यास औषध घराजवळ मिळावे. तत्त्व उत्तम होते. त्यासाठी लागणारी माणसे, सूक्ष्मदर्शक आणि पैसा मात्र त्या प्रमाणात कधीच आला नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे वचन दिले होते. 2021-22 साली केंद्र व राज्ये मिळून होणारा खर्च दोन टक्क्यांच्याही आत होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे 39 टक्के रोग्याच्या खिशातून जात होता.

आता मद्रासकडे वळू. 1946 च्या भोर समितीच्या अहवालानुसार या देशात तेव्हा सुमारे पंचवीस लाख सक्रिय क्षयरोगी होते आणि त्यांच्यासाठी खाटा होत्या सुमारे सहा हजार. सॅनेटोरियममध्ये स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती व सकस आहार हाच उपचार मानला जाई. म्हणजे उपचार ज्याला मिळे तो जवळजवळ नेहमीच खातापिता माणूस असे. 1956 साली मद्रासला एक संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे 193 गरीब रोग्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी तशी दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्या गटाला शहरातल्या दाटीच्या वस्तीतील स्वतःच्या घरीच तीच औषधे दिली. 1959 साली निष्कर्ष जाहीर झाले: घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळे अधिक लागण झाली नाही. जगभरच्या क्षयरोग-चिकित्सेची दिशा या प्रयोगाने बदलली. गरिबाला खाटेवाचूनही बरे होता येते, हे सिद्ध करणारे हे शास्त्र खरोखर लोकांच्या बाजूचे होते.

परंतु शास्त्राचा निष्कर्ष आणि राज्यकर्त्यांनी त्यातून सोयीने काढलेला अर्थ या दोन भिन्न वस्तू आहेत. औषध प्रभावी असेल तर निकृष्ट आहारातही रोगी बरा होऊ शकतो, एवढेच मद्रासने सांगितले होते. प्रशासनाने त्याचा अर्थ लावला की, रोग्याच्या ताटाकडे पाहण्याचे आता कारण नाही! पुढची पन्नास वर्षे गोळ्या मोजल्या गेल्या, भाकरी कोणी मोजली नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील डॉक्टरांनी आपल्या 1,695 क्षयरोग्यांची वजने 2013 साली प्रसिद्ध केली. पुरुषांचे मध्यम वजन 42 किलो होते आणि स्त्रियांचे 34 किलो. चौतीस किलो! प्रौढ, कामकरी, लेकुरवाळी स्त्री. अशा शरीरात चार जालीम औषधे रोज रिकाम्या पोटी गेली तर तिला मळमळ होणार, चक्कर येणार. आणि तिने गोळी टाकून दिली की वहीत शेरा पडणार. त्यानंतर झारखंडमध्ये रोग्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ असे धान्य देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली जाहीर झाले. ज्या कुटुंबांना अन्न मिळाले त्यांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले. रोग्यांच्या बाबतीतही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यू कितीतरी कमी आढळले. कोणत्याही रोग्याच्या आईने हे फार पूर्वी सांगितले असते, पण तिला विचारतो कोण?

1997 पासून देशात जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने सुधारित कार्यक्रम आला. कर्मचाऱ्याच्या देखत, आठवड्यातून तीनदा, गोळ्या गिळावयाच्या, ही त्याची पद्धत. तिचे काही गुण निर्विवाद आहेत: थुंकीची तपासणी सुधारली, सहा महिन्यांचा प्रभावी औषधसंच फुकट मिळू लागला, लाखो जीव वाचले. ते नाकारणे हा आडमुठेपणा होईल. पण तिच्या मुळाशी रोग्याविषयीचा अविश्वास होता. शेतमजूर बाईने खुरपणी सोडून आठ किलोमीटरवरच्या उपकेंद्रात जावे आणि दुसऱ्याच्या नजरेसमोर तोंड उघडावे, गावाला कळावे, लग्नाच्या मुलीचे लग्न मोडावे, या सर्वांचा हिशेब त्या पद्धतीत कोठेच नव्हता. आठवड्यातून तीनदा दिलेल्या औषधाने रोग उलटण्याचा धोका अधिक, असा आक्षेप अनेक डॉक्टर वर्षानुवर्षे घेत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2017 साली रोजच्या रोज औषध देण्याची पद्धत देशभर लागू झाली.

येथे मला थोडे थांबून गोळ्यांविषयीच बोलावयाचे आहे, कारण कार्यकर्त्याला उपयोग होईल तो याचाच. आज साधारण क्षयरोग्याला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे दिली जातात. त्यांतील रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-तांबूस होते. हा औषधाचा रंग आहे, त्यात घाबरण्याजोगे काही नाही. पण ज्याला हे आधी सांगितले नाही त्याला वाटते रक्तच पडते आहे, आणि तो त्याच दिवशी औषध बंद करतो. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात. त्यावर ब-6 जीवनसत्त्वाची स्वस्त गोळी असते. पायराझिनामाइडने सांधे दुखतात. इथाम्ब्युटॉलने क्वचित नजर अधू होते, लाल-हिरवा रंग ओळखेनासा होतो. तेव्हा मात्र तत्काळ डॉक्टरकडे गेले पाहिजे. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तरीही तसेच. हे सारे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. ज्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरपुढे दोनशे माणसे उभी असतात तेथे ती पाच मिनिटे नसतात. डॉक्टर उर्मट असतो म्हणून तो बोलत नाही, असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा तोही त्याच रांगेचा कैदी असतो.

आणखी एक गोष्ट. तीन-चार आठवड्यांत खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. शरीर सांगते, 'बरा झालास.' घर सांगते, 'कामाला जा.' जंतू मात्र छातीत दबा धरून असतात. सहा महिन्यांचे कारण रोग्याला कोणी उलगडून सांगितले नसेल, तर औषध बंद करणे हा त्याच्या दृष्टीने अविचार नसून साधा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली आपल्या व्याख्यांतून 'डिफॉल्टर' हा शब्द काढून टाकला. आपल्याकडील कित्येक कर्मचाऱ्यांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही.

मजुरीचा प्रश्न याहून बिकट आहे. 1948 च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विमा योजनेत क्षयासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता देण्याची तरतूद झाली. ही कामगार चळवळीच्या दबावाचीच कमाई आहे. पण तिचा लाभ नोकरीच्या कालावधीच्या अटी पुऱ्या करणाऱ्या विमेदार कामगाराला. विडी वळणारी, वीटभट्टीवरचा, ऊसतोडीचा, कंत्राटी सफाई कामगार या सर्वांना काय? त्यांच्यासाठी एप्रिल 2018 पासून महिना 500 रुपयांचे पोषण साहाय्य आले आणि नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 रुपये झाले. महिन्याला हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस. तेही बँकेचे खाते, आधार आणि नोंदणी यांचा मेळ जमल्यावर. स्थलांतरित मजुराचा मेळ जमेपर्यंत त्याचा उपचार अनेकदा संपलेला असतो. 2022 साली याच्या जोडीला 'निक्षय मित्र' निघाले: दानशूरांनी रोगी 'दत्तक' घ्यावा आणि त्याला शिधा द्यावा. देणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण झारखंडच्या अभ्यासानंतर अन्न हा उपचाराचाच भाग ठरला आहे, आणि उपचाराचा भाग दात्याच्या मर्जीवर ठेवता येत नाही. स्ट्रेप्टोमायसिनसाठी कोणी दाता शोधीत बसले होते काय?

आता अशा एका बाबीकडे येतो की, जेथे रोगाच्या नावातच मालकाचा स्वार्थ दडलेला असतो. इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितले की, रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत आणखी एक घाला: तुमचा धंदा कोणता? तीनशे वर्षे झाली, आपल्या दवाखान्यांत हा प्रश्न अजून क्वचितच विचारला जातो. न विचारल्याने काय होते ते पाहा. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतील आदिवासी गुजरातेत गोध्रा-बालासिनोर भागातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. दगडाची पिठासारखी धूळ छातीत बसे. तरणेताठे माणूस काही महिने काम करून घरी परते तो धापा टाकीतच. दवाखान्यात खोकला, दम, घटलेले वजन आणि छातीच्या फोटोत डाग पाहून अनेकांना क्षयाची औषधे सुरू झाली. सहा महिने, पुन्हा सहा महिने. उतार पडेना. कारण रोग सिलिकोसिसचा होता, आणि त्यावर कोणतेही औषध नाही. हेही खरे की, सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो, दोन्ही रोग एकत्रही नांदतात. म्हणून डॉक्टरची अडचण खरीखुरी असते. पण पाठीमागचा व्यवहार ओळखा. क्षय ठरला तर दोष जंतूचा आणि रोग्याचा. सिलिकोसिस ठरला तर दोष कारखान्याच्या धुळीचा, कारण 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिसची गणना व्यवसायजन्य रोगांत झालेली होती. एका निदानात मालकाला एक पैचीही तोशीस नाही, दुसऱ्यात भरपाई.

त्या आदिवासींना आपला रोग कोठून आला हे ठाऊक होते. त्यांच्या गावांत त्याला कारखान्याचे नाव जोडूनच ओळखले जाई. वर्षानुवर्षे त्यांनी मृतांच्या याद्या केल्या. 2010 साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ती रक्कम देण्याचा आदेश दिला. राजस्थानातील दगडखाणींच्या कामगारांनी असाच लढा देऊन 2019 साली राज्याकडून स्वतंत्र धोरण मिळविले. त्यानुसार निदान होताच तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये देण्याची तरतूद झाली.

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाविषयी थोडक्यात. त्यावरचे बेडाक्विलिन हे औषध अमेरिकेत 2012 च्या अखेरीस मंजूर झाले, आपल्याकडे 2016 पासून मोजक्याच केंद्रांत मिळू लागले. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारण्यात आले. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा जानेवारी 2017 मध्ये ते मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ती पुढे वाचली नाही. या औषधाची मक्तेदारी 2027 पर्यंत लांबविण्यासाठी बहुराष्ट्रीय कंपनीने केलेल्या पेटंट-अर्जाला आव्हान दिले ते मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोन माजी क्षयरोगी स्त्रियांनी. उपचाराच्या इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. जुन्या औषधाला थोडे नवे रूप देऊन पेटंट लांबविण्यास प्रतिबंध करणारे कलम 3(ड) 2005 साली संसदेत डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे कडक झाले होते, याची येथे आठवण ठेवली पाहिजे. रोगी स्वतः वादी झाला की काय घडते, त्याचे हे उदाहरण.

आणि तरीही. मार्च 2024 मध्ये देशातील अनेक राज्यांत साध्या क्षयाचीच औषधे संपली. केंद्र सरकारने राज्यांना पत्र धाडून कळविले की, तीन महिने तुम्हीच स्थानिक बाजारातून खरेदी करून भागवा. ज्या रोग्याला आपण 'एक दिवसही गोळी चुकवू नकोस' असे बजावतो, तो रोगी कित्येक ठिकाणी खिडकीवर येऊन रिकाम्या हाती परतत होता. तुमकूरच्या पाहणीला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती. 2025 पर्यंत क्षयनिर्मूलन करण्याची घोषणा 2018 साली पंतप्रधानांनी केली होती. रोगाच्या प्रमाणात घट झाली हे मान्य करू. पण ते वर्ष सरले आणि जगातील क्षयरोग्यांचा चौथा हिस्सा अजून याच देशात आहे. 2023 या एका वर्षात येथे तीन लाखांहून अधिक माणसे क्षयाने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

दुपारच्या सत्रासाठी एक काम देतो. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील वा वॉर्डातील अशा पाच माणसांची टिपणे आणली आहेत की, ज्यांचा उपचार मध्येच तुटला. ती पुन्हा एकदा वाचा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: त्याचा धंदा कोणता, दवाखाना कधी उघडतो आणि त्याचे काम कधी सुरू होते, औषधाचे परिणाम त्याला कोणी, केव्हा सांगितले, आणि खिडकीवरून तो किती वेळा रिकामा परतला. आशाताईंनाही विचारा, त्यांना ही उत्तरे ठाऊक असतात, पण त्यांच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो. ज्यांच्या टिपणांत धुळीचे काम आढळेल त्यांनी छातीचे फोटो जपून ठेवण्यास रोग्याच्या घरी सांगावे. कामाचे हजेरीपत्रक वा मुकादमाची चिठ्ठी असेल तर तीही. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे पुढील आठवड्यात जावयाचे आहे, तेव्हा हे कागद आपल्या हाती असले पाहिजेत.